डोळ्यांतून थेट बोटांत

टायपिस्टने शेवटची ओळ संपवली, मशीनमधून कागद सर्रकन ओढून काढला आणि फोटोफ्रेमवाल्या नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“घ्या. एक चूक काढून दाखवा.”

फ्रेमवाल्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरावाचं पुस्तक गुडघ्यावर उघडं ठेवून तो उताऱ्याखालच्या प्रश्नांवर बोट धरून बसला होता.

“चूक नसणारच. प्रश्न पहिला. मधमाशा कशामुळे मेल्या?”

“मेल्या?” ती म्हणाली. “कधी?”

“अगं, आत्ता. तूच टाइप केलंस ना!”

तिने कागद स्वतःकडे वळवला आणि त्यावरून नजर फिरवली. अख्खा उतारा स्वच्छ उतरला होता, समास सरळ होता, एकही अक्षर वरखाली नव्हतं. त्यात मधमाशा होत्या, त्यांचा म्हातारा मालक होता, त्याच्या शेजाऱ्याने शेतावर फवारलेलं औषध होतं. सगळं होतं आणि तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

“थांबा, शोधते,” ती म्हणाली.

“शोधायचं नाहीये. कळायला हवं. परीक्षेत तुला मशीन देणार नाहीत.”

“ते मला सांगू नका. मागच्या वेळी तोंडावर आपटून आलेय मी.”

आपटली होती हे खरंच. इंग्रजीच्या त्या परीक्षेत ऐकून लिहिणं होतं, पत्रलेखन होतं, शब्द होते. या सगळ्यांत तिने अशी काही मजल मारली होती की बरोबरच्या पोरी, ज्या तिच्या लेकीहूनही लहान होत्या, तिच्याकडे वळून वळून बघत होत्या. पण उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायच्या पेपरात तिचे बारा वाजले. आता शेवटची एक संधी होती. ज्या वकीलसाहेबांकडे तिने सारं आयुष्य टायपिंग केलं त्यांचे गुडघे जिना चढायला नको म्हणत होते आणि वर्षअखेरीस ते ऑफिस बंद करणार होते. मोठ्या रस्त्यावरच्या भाषांतराच्या ऑफिसात साहेबांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. तिथल्या बाईंनी एकच अट घातली, परीक्षा पास व्हा आणि या.

“नाही झाले तर?” तिने एकदा विचारलं होतं.

“नाही झालीस तर घरी बस. आराम कर.”

“मी घरी बसले तर महिनाभरात तुम्ही घर सोडून पळाल.”

यातही अतिशयोक्ती फारशी नव्हती. काम नसलं की ती बोटांनी टेबल वाजवायची, पातेल्याची झाकणं वाजवायची, झोपेत नवऱ्याच्या पाठीवरसुद्धा काहीतरी टाइप करायची. काम गेलं तर ही बाई वाळून जाईल, असं फ्रेमवाल्याला मनापासून वाटत होतं. म्हणून दर सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर खाली ठेवून तो तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसायचा.

त्याचं स्वतःचं इंग्रजी शाळेपुरतंच होतं. दोन शब्द कळले की तिसरा तो पदरचा घालायचा. आयुष्यभर लोकांच्या फोटोंना चौकटी बसवताना, हे जोडपं सुखी दिसतंय, या भावाभावांचं पटत नसणार, असले निष्कर्ष काढायची त्याला सवय होती आणि ते तो उताऱ्यांनाही लावायचा. मधमाशांचा मालक आणि शेजारी यांचं आधीपासूनच वाकडं होतं, हे त्याने पहिल्या दोन ओळींतच ठरवून टाकलं होतं. उताऱ्यात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं. पण पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिलेली असल्यामुळे त्याचं मास्तरपण निभावून जायचं.

तिची गोष्ट उलटी होती. ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या, कडक टायपिस्टबाईंनी तिला समोर उभं करून सांगितलं होतं, इथे लोकांचे घटस्फोट येतात, मृत्युपत्रं येतात, चोऱ्या येतात. त्यांच्याकडे बघायचं नाही. डोळ्यांतून थेट बोटांत, मध्ये कुठे थांबायचं नाही. तिने ते इतकं मनावर घेतलं की काही महिन्यांत तिला मुद्दाम न वाचण्याची गरजच उरली नाही. अक्षरं यायची आणि बोटांवाटे निघून जायची. ती खिडकीबाहेरच्या झाडाचा विचार करायची, रात्रीच्या भाजीचा विचार करायची, आणि कागद बिनचूक भरत राहायचा.

लग्न नवीन होतं तेव्हा फ्रेमवाला रोज संध्याकाळी विचारायचा, “आज काय टाइप केलंस?”

“माहीत नाही,” ती म्हणायची.

तो हसायचा. दुकानात मित्रांना सांगायचा, आमच्या हिच्या पोटात अख्ख्या गावाची गुपितं आहेत, पण उलटं टांगलं तरी शब्द बाहेर यायचा नाही. त्याला बायकोचा फार अभिमान होता.

या अभिमानाला एकच खरचटलेली जागा होती. ती त्याने कुणालाही दाखवलेली नव्हती, तिला तर नाहीच.

त्याचं पहिलं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दोन्ही बाजूंना काच, वर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी. एक दिवस इमारतीच्या मालकाची नोटीस आली. सगळ्या गाळेवाल्यांची नावं एकाखाली एक होती आणि मधेच कुठेतरी त्याचंही नाव होतं. दुकानं रिकामी करा. नोटीस वकीलसाहेबांच्या ऑफिसातून आली होती. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, वकिलांच्या कागदावर असतात तशी दोन जोड्यांची बारीक अक्षरं होती. आधी साहेबांची, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची. ती त्याच्या बायकोच्या नावाची आद्याक्षरं होती.

तारीख चार-पाच दिवसांपूर्वीची होती. म्हणजे चार-पाच दिवस ही बाई त्याच्यासमोर बसून जेवली, हिने लेकीच्या वेण्या घातल्या, त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं, आणि बोलली नाही. त्याने तो कागद घडी घालून दुकानातच ठेवला आणि घरी येऊन नुसतं सांगितलं की गाळा सोडायचाय. ती मटकन खाली बसली. रडली. ते रडणं बघताना त्याच्या मनात आलं, की आज रडायची परवानगी मिळाली म्हणून रडतेय बिचारी. तिचं काय चुकलं? तिने शब्द दिला होता, तो पाळला. आपणच गावभर कौतुक सांगत होतो ना? असं त्याने स्वतःला समजावलं, गल्लीच्या आतल्या अंगाला अंधारं दुकान घेतलं आणि तो विषय कायमचा बंद केला. रागाचं म्हणावं तर त्याने तिला कधीच माफ केलं होतं. फक्त त्या दिवसापासून संध्याकाळी आज काय टाइप केलंस हे विचारणं सोडलं. तिने विचारलं नाही, का सोडलंत म्हणून.

मधमाशांच्या पुढच्या सुट्टीला नवा उतारा निघाला. तिने मशीन पुढे ओढलं. टाइप केलं की डोक्यात बसतं, असा तिचा हट्ट होता, आणि बसत काहीच नाही हे दिसत असूनही तो मोडत नव्हता. तिची नजर पुस्तकावर, बोटं मशीनवर, चेहरा अगदी निवांत. फ्रेमवाला चहा पीत तिच्या खांद्यावरून उतारा वाचत होता. बोटीने आजीकडे निघालेली एक मुलगी, तिची हरवलेली छत्री, आणि ती शोधून देणारा खलाशी. मुलीचं नाव वाचून त्याला ठसकाच लागला. तिकडेही चालतं आणि इकडेही चालतं, असं ते नाव होतं, त्यांच्या लेकीचं. अगदी तीच अक्षरं. उताऱ्यात ते ओळीआड येत होतं.

टायपिस्टने ते पहिल्यांदा टाइप केलं. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिची भुवईसुद्धा हलली नाही. फ्रेमवाला वाट बघत होता, की आत्ता थांबेल, आत्ता हसेल. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि कागद काढला.

“विचारा,” ती म्हणाली.

“मुलीचं नाव काय होतं?”

“असेल काहीतरी. तिकडचंच.”

“नीट आठव.”

“अहो, शंभर नावं असतात. मी काय सगळी लक्षात ठेवू?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि कागद तिच्या हातात दिला. “वाच.”

तिने बोट ओळीवर ठेवून वाचलं. बोट नावापाशी आलं, थांबलं, आणि ती एकदम ओरडली.

“अगोबाई! हे तर आपल्या पोरीचं नाव! अहो, बघा ना! कितीदा आलंय! आणि मी मेली नुसती बडवत बसले!” ती इतकी हसली की तिला मशीनचा आधार घ्यावा लागला. “आज फोन आला की सांगते तिला. आईने तुला छत्रीसकट बोटीत बसवलं आणि आईलाच पत्ता नाही.”

फ्रेमवाला हसला नाही. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि तसाच उभा राहिला.

हिला माहीतच नव्हतं. पोटच्या पोरीचं नाव बोटांखालून गेलं आणि हिला कळलं नाही. गाळेवाल्यांच्या यादीतलं नवऱ्याचं नाव काय कळणार होतं! हिने काहीच लपवलं नव्हतं. ती खरोखर मटकन बसली होती, खरोखर रडली होती, आणि आपण मात्र इतकी वर्षं मोठ्या मनाने तिला माफ करत बसलो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, त्याला आनंद झाला. बाहेर जाऊन तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं.

“नळ बंद करा, पाणी चाललंय,” बाहेरून तिचा आवाज आला. ती अजून हसत होती.

त्याने नळ बंद केला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या हातांनीच माझं दुकान गेलं? आजपर्यंत तिला हे माहीत नव्हतं म्हणून ती सुखाने झोपत होती. त्याच्या मनातला सल निघाला, म्हणून तो तिच्या मनात रोवायचा, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो बाहेर आला आणि त्याने मशीनवर झाकण घातलं.

“आजपासून हे बंद. हात मांडीखाली घेऊन बस.”

“काय?”

“बस म्हणतो ना. आता वाच, आणि शेजारणीची भानगड सांगावी तसं मला सांग. कोण, कुठे गेलं, कुणाला काय म्हणालं.”

सुरुवातीला तिला ते जड गेलं. मांडीखालचे हात वळवळायचे. एका परिच्छेदाला ती तीनदा मागे यायची. पण गावगप्पा म्हटल्यावर तिच्यातलं काहीतरी जागं झालं. एका उताऱ्यातल्या शिक्षिकेचा तिला राग आला. दुसऱ्यातल्या टपालवाल्याची कीव आली. फ्रेमवाला पदरचं काही घालायला लागला की ती त्याला अडवू लागली. “असं कुठे लिहिलंय? दाखवा. तो रागावला असं नाही म्हटलेलं, गप्प बसला म्हटलंय.” पुस्तकामागची उत्तरं आणि तिची उत्तरं जुळायला लागली. एकदा तर उतारा वाचता वाचता ती स्वतःशीच खुदकन हसली, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्याला तिच्याकडून समजावून घ्यावं लागलं.

मग एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

“आज माझ्या तीन चुका झाल्या.”

“तुझ्या?”

“साहेब म्हणाले, बाई, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.” तिने बोटं समोर धरून पाहिली. “अहो, ती थांबतात आता. कागदात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हणत असतं आणि ते मला ऐकू येतं. कुणाचं ते नाही सांगणार. पण आज वाईट वाटलं मला.”

“मग? वाटणारच.”

“आज वाटलं. आजपर्यंत काय काय टाइप केलं असेल हो मी? किती जणांना घराबाहेर काढलं असेल या हातांनी?”

“तू कशाला काढशील? वकील काढतात, कोर्ट काढतं. तू पोस्टमनसारखी.”

“पोस्टमन पाकीट उघडत नाही. माझ्या समोर तर उघडंच होतं सगळं.”

त्या दिवसापासून त्याला भीती वाटू लागली. शिकवणी थांबवावी तर तिची नोकरी जाते, शिकवावं तर ती एक एक पायरी चढत नेमकी तिथे पोचणार. त्याने त्यातल्या त्यात एक केलं. सरावाच्या पुस्तकात जिथे घरमालक, भाडं, दुकान असं काही दिसेल तो उतारा तो गुपचूप ओलांडायचा. “हा नको, सोपा आहे,” म्हणायचा आणि पुढच्या पानावरचे पेंग्विन काढायचा. पेंग्विनांवर तिची अशी तयारी झाली की कुणी रात्री उठवून विचारावं.

परीक्षेच्या दिवशी तो तिला केंद्रापर्यंत घेऊन गेला. शाळेची इमारत होती. पोरींच्या घोळक्यात तिची साडी तेवढी वेगळी दिसत होती. आत जाताना तिने मागे वळून दोन्ही हात वर करून दाखवले आणि काखेत दाबले. तो मोठ्याने हसला, मग फाटकाजवळच्या बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांत कुणाचं कुणाशी पटत नसेल याचे अंदाज बांधायचा त्याने प्रयत्न केला, पण आज मन लागत नव्हतं.

घंटा झाली. पोरी भराभरा बाहेर आल्या. ती सगळ्यांच्या शेवटी, सावकाश आली आणि त्याच्या शेजारी बसली.

“कसा गेला?”

“चांगला गेला.”

“खरं?”

“पास होईन मी. सगळं कळलं.” तिने बाटली घेतली, पण पाणी प्यायली नाही. “शेवटचा उतारा बाजाराचा होता. जुना बाजार, मालकाला तो पाडायचा होता. दुकानदारांना पत्रं गेली. एक टोप्या विकणारा होता, त्याने पत्र वाचलं आणि रोजच्यासारखं दुकान झाडून काढलं. का झाडलं असेल, असा प्रश्न होता.”

“काय लिहिलंस?”

“लिहिलं बरोबर. सगळं लिहूनही वेळ उरला. मग बसले विचार करत.” ती त्याच्याकडे वळली. “तुमच्या दुकानाची नोटीस आली होती, ती तुम्ही मला दाखवली नव्हतीत.”

“त्यात काय दाखवायचं? सगळ्या सारख्याच असतात.”

“मालकाचा वकील कोण होता?”

“होता कुणीतरी. इतक्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतं?”

“तुम्ही? गिऱ्हाइकाने लग्नाच्या फोटोला चौकटीची कुठली पट्टी लावली होती, ते तुम्ही त्याच्या नातवाला सांगता.”

तो फाटकाकडे बघू लागला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हल्ली उतारा वाचायची तशी, आधी एकदा सगळा, मग पुन्हा सावकाश.

“मीच टाइप केली होती,” ती म्हणाली.

त्याने तिच्या हातातली बाटली घेऊन बाकावर ठेवली.

“आणि तुम्हाला ते कळलं होतं. तळाशी माझी अक्षरं असणार.”

“अगं, जाऊ दे ना आता. नवं दुकान चांगलं चाललंय.”

“तुम्हाला वाटलं, मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मी तुमच्यासमोर बसून जेवले.”

“वाटलं होतं,” तो म्हणाला. “आता नाही वाटत. त्या छत्रीच्या उताऱ्याच्या दिवसापासून नाही.”

“पण तोवर वाटत होतं.”

“तोवर, हो.”

तिचे डोळे भरून आले. समोरून दोन पोरी पेपरची उत्तरं ताडून बघत, भांडत गेल्या. त्या लांब जाईपर्यंत ती थांबली.

“मला तो आठवडा चांगला आठवतो,” ती म्हणाली. “तुम्ही मला रोज सायकलवर डबलसीट घेऊन ऑफिसला सोडत होतात. त्याच ऑफिसला. नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा सोडलंत. पायरीपर्यंत.”

“मग काय करणार?” तो म्हणाला. “तुझा पाय मुरगळला होता. चालत कशी गेली असतीस?”